अमेरिकन फुटबॉलची महाकाय स्टेडियम्स : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिशिगन राज्यातल्या ॲन आर्बर या विद्यापीठाच्या गावात मी काही वर्षं राहिलो. उन्हाळा आला की शेजारच्या मराठी घरांमध्ये कुणाचे आईबाबा, कुणाची मावशी-काका मुक्कामाला यायचे आणि संध्याकाळच्या फेरीत पावलं स्टेडियमकडे वळायची. तिथे पोचल्यावर जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले गेले, ते इथे उत्तरांसकट देतो आहे. काही उत्तरं दोन ओळींत संपतात, काहींना वेळ लागतो.

हा फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉलच ना?

नाही. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याला अमेरिकेत सॉकर म्हणतात. हा खेळ लांबट, दोन्ही टोकांना निमुळत्या चेंडूचा. चेंडू हातात घेऊन पळायचं, फेकायचा, समोरच्याने अडवून आडवं पाडायचं. मैदान आयताकृती असतं, साधारण ११० मीटर लांब आणि ४९ मीटर रुंद. ही रुंदी लक्षात ठेवा, पुढे दोनदा कामाला येणार आहे.

सर्वांत मोठं स्टेडियम कोणतं?

ॲन आर्बरचं मिशिगन स्टेडियम. अधिकृत आसनक्षमता १,०७,६०१. प्रत्यक्षात गर्दी याहून जास्त होते. ७ सप्टेंबर २०१३ ला नोत्र दाम विद्यापीठाविरुद्धच्या सामन्याला १,१५,१०९ प्रेक्षक होते. जगाचा विचार केला तर अहमदाबादचं १ लाख ३२ हजारांचं क्रिकेट स्टेडियम याच्या पुढे आहे. पण अहमदाबाद हे महानगर आहे आणि ॲन आर्बरची लोकसंख्या आहे सव्वा लाखाच्या आतबाहेर. माझ्या मते मोठेपण मोजायचं तर असं, गावाच्या मापाने.

त्या मापाने पहिला नंबर बहुधा पेन्सिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेजचा लागेल. गावाची वस्ती साधारण ४० हजार आणि तिथलं बीव्हर स्टेडियम १ लाख ६ हजारांचं. या दोघांखेरीज ओहायो स्टेट, टेक्सस ए अँड एम, लुइझियाना स्टेट, टेनेसी यांचीही स्टेडियम्स लाखाच्या वरची आहेत. या यादीत व्यावसायिक संघाचं एकही नाही.

मग कॉलेजांची स्टेडियम्स व्यावसायिक संघांपेक्षा मोठी कशी?

कारण कॉलेजांचा खेळ आधीचा. व्यावसायिक संघांची संघटना, म्हणजे एनएफएल, १९२० साली सुरू झाली. तोपर्यंत हार्वर्ड-येल सामन्याला हजारोंची गर्दी होऊन कित्येक वर्षं लोटली होती. शिवाय कॉलेज सोडलं तरी कॉलेज सुटत नाही. आजोबा, बाप, नात तिघंही एकाच विद्यापीठाचे आणि तिघंही एकाच रंगाचा सदरा घालून बाकावर बसलेले, असं दृश्य मी दर हंगामात बघितलं आहे.

दुसरं कारण पैशाचं. व्यावसायिक संघांना टीव्हीच्या हक्कांतून आणि धनिकांच्या काचेच्या खोल्यांमधून अफाट पैसा मिळतो. त्यांना ७० हजार आरामशीर खुर्च्या पुरतात. कॉलेजच्या स्टेडियमात बहुतेक ठिकाणी अजून लांबलचक बाक आहेत, त्यावर आकडे रंगवलेले, आणि एका माणसाच्या वाट्याला जेमतेम दीड फूट जागा. नोव्हेंबरात सगळे जाडजूड कोट घालून आले की त्या दीड फुटात बसायला खांदा तिरका करावा लागतो. पहिल्या पाच मिनिटांत शेजारी ओळखीचा होतो, न होऊन सांगतो कुणाला!

याची सुरुवात कुठून झाली?

बोस्टनजवळच्या हार्वर्ड विद्यापीठापासून धरायला हरकत नाही. १८७९ साली पदवी घेतलेल्या विद्यार्थ्यांच्या देणगीतून १९०३ मध्ये तिथे पोलाद घातलेल्या काँक्रीटचं स्टेडियम उभं राहिलं. त्याआधी लाकडी गॅलऱ्या असायच्या, त्या जळायच्या, मोडायच्या.

आणि या स्टेडियमने खेळच बदलून टाकला. त्या काळचा फुटबॉल भयंकर होता. हातात हात अडकवून मुलांचा घोळका समोरच्या घोळक्यावर जाऊन आदळायचा. १९०५ च्या एका हंगामात दगावलेल्या खेळाडूंचा आकडा वृत्तपत्रांनी १८-१९ पर्यंत मोजला होता. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रुझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनच्या मंडळींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं. खेळ मोकळा करायचा तर कसा? येलचे वॉल्टर कॅम्प यांनी सुचवलं की मैदान ४० फुटांनी रुंद करा, घोळका आपोआप पांगेल. पण हार्वर्डचं नवंकोरं काँक्रीट मैदानाला इतकं चिकटून होतं की रुंदी वाढवायला जागाच नव्हती. मग दुसरा उपाय पत्करला गेला : १९०६ पासून चेंडू पुढे फेकायला परवानगी. आज अमेरिकन फुटबॉल म्हटलं की हात मागे नेऊन लांब चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक डोळ्यांपुढे येतो. त्याच्या जन्मात त्या काँक्रीटच्या भिंतींचा मोठा वाटा आहे. मला या साऱ्या इतिहासातली ही सर्वांत आवडती गोष्ट वाटते.

वाडग्यासारखा आकार कुणी आणला?

येलने. १९१४ साली न्यू हेवनमध्ये येल बोल उघडलं, सुमारे ७० हजार जागांचं. युक्ती साधी होती. मधली जमीन खणायची, निघालेली माती कडेने गोल रचायची आणि त्या उतारावर पायऱ्या बसवायच्या. अर्धं स्टेडियम जमिनीत, अर्धं वर. पहिल्याच सामन्यात हार्वर्डने येलला ३६-० असं हरवलं, पण आकार टिकला. कॅलिफोर्नियातल्या पॅसडीनाच्या रोझ बोलने तोच नमुना घेतला. ‘बोल’ हा शब्द पुढे मोठ्या सामन्यांच्या नावांत शिरला आणि सुपर बोलपर्यंत पोचला, त्याचं मूळ या वाडग्यात आहे.

१९२० च्या दशकातच इतकी स्टेडियम्स एकदम कशी बांधली गेली?

पहिलं महायुद्ध नुकतंच संपलेलं. गावोगाव स्मारकं उभारायची होती आणि विद्यापीठांनी ठरवलं की आपल्या मेलेल्या मुलांचं स्मारक म्हणून स्टेडियम बांधू. म्हणून इतक्या ठिकाणी ‘मेमोरियल स्टेडियम’ हे नाव सापडतं. इलिनॉय विद्यापीठात स्टेडियमच्या खांबांवर युद्धात गेलेल्यांची नावं कोरलेली आहेत. शिकागोचं सोल्जर फील्डही सैनिकांच्याच नावाने. ओहायो स्टेडियम १९२२ चं, घोड्याच्या नालेच्या आकाराचं, रोझ बोलही १९२२ चं, लॉस एंजेलिसचं कोलिझियम १९२३ चं, मिशिगनचं १९२७ चं. मोटारी आल्या होत्या, रेडिओवरून सामने ऐकू येऊ लागले होते, लोकांच्या हातात चार पैसे होते. १९२९ ला मंदी आली आणि ही लाट थांबली.

मिशिगन स्टेडियम बांधायला पैसे कुठून आले?

हे नीट सांगायला हवं, कारण यामागे एका माणसाचा हट्ट आहे. फील्डिंग योस्ट आधी संघाचे प्रशिक्षक आणि मग क्रीडाविभागाचे प्रमुख. त्यांना प्रचंड स्टेडियम हवं होतं. विद्यापीठातल्या बऱ्याच प्राध्यापकांचं म्हणणं की फुटबॉलचं वेड आधीच फार झालं आहे. मोठ्या वादानंतर ७२ हजार जागांना मंजुरी मिळाली. योस्ट यांनी सरकारकडे हात पसरला नाही. ५०० डॉलरचे ३,००० कर्जरोखे काढले आणि लोकांना विकले. रोखा घेणाऱ्याला मोक्याच्या जागांची तिकिटं विकत घेण्याचा हक्क. बांधकामाला साधारण साडेनऊ लाख डॉलर लागले.

मंजुरी ७२ हजारांची असली तरी पाया त्यांनी असा घालून घेतला की पुढे कधीतरी लाखाच्या वर माणसं बसवता यावीत. १ ऑक्टोबर १९२७ ला पहिला सामना झाला. योस्ट १९४६ मध्ये गेले. १९५६ साली, त्यांचे उत्तराधिकारी फ्रिट्झ क्रायस्लर यांच्या काळात, क्षमता १,०१,००१ झाली. त्या आकड्यातली शेवटची एक खुर्ची क्रायस्लर यांच्या मानाची, असं गावात सांगतात. आजही क्षमतेच्या शेवटी तो एकचा आकडा आहेच.

मिशिगन स्टेडियम बाहेरून इतकं बुटकं का दिसायचं?

कारण तीन चतुर्थांश स्टेडियम जमिनीखाली आहे. २०१० च्या नूतनीकरणात दोन्ही बाजूंना विटांच्या उंच इमारती आल्या, म्हणून आता रस्त्यावरून भारदस्त दिसतं. पूर्वी गावात नवा आलेला माणूस शेजारून निघून जायचा आणि त्याला कळायचंही नाही. जागा पाणथळ होती, खणताना पाणी लागलं. एक क्रेन चिखलात रुतली ती अजून मैदानाखाली आहे, ही दंतकथा तुम्हाला तिथे प्रत्येक जण सांगेल.

सामन्याच्या दिवशी आत शिरताना आपण पायऱ्या चढायच्या तयारीत असतो. गेटातून चार पावलं टाकली की समोरची जमीन संपते आणि पायांखाली एक पिवळा-निळा खड्डा उघडतो. एक लाख माणसं खाली, तुम्ही काठावर. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी तिथेच थबकलो आणि मागच्या बाईंनी हसून पाठीवर हात ठेवला. त्यांना ते थबकणं ओळखीचं असावं. सामन्यात निर्णायक क्षण आला की लोक खिशातून किल्ल्या काढून हवेत खुळखुळवतात. हजारो किल्ल्यांचा तो आवाज म्हणजे पत्र्यावर पडणाऱ्या गारा.

जुन्या स्टेडियममध्ये नवे हजारो लोक बसवतात कसे?

याला जोडकामाची अक्कल लागते. बीव्हर स्टेडियम मुळात गावातल्या दुसऱ्याच जागी होतं. १९५९-६० मध्ये त्याचे सातशेच्या वर तुकडे सुटे केले, नेले आणि नव्या जागी जोडले. १९७८ मध्ये तर उभ्या गॅलऱ्या जॅक लावून उचलल्या आणि खाली नव्या पायऱ्या सरकवल्या.

लुइझियाना स्टेटच्या टायगर स्टेडियमची हकीकत त्याहून चतुराईची. १९३० च्या दशकात स्टेडियम वाढवायला पैसे नव्हते, वसतिगृह बांधायला होते. मग वसतिगृहाच्या खोल्या गॅलरीच्या पोटात बांधल्या. छपरावर प्रेक्षक, खाली विद्यार्थी. कित्येक पिढ्या तिथे राहून शिकल्या. १९८८ साली याच मैदानावर ऑबर्न विद्यापीठाविरुद्ध शेवटच्या मिनिटांत टचडाउन झाला, म्हणजे चेंडू मैदानाच्या टोकाच्या रेषेपलीकडे पोचवून गुण मिळाले, तेव्हा लोकांनी असा जल्लोष केला की विद्यापीठाच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली.

खऱ्या भूकंपाची काळजी आहे ती कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाला. तिथलं १९२३ चं स्टेडियम हेवर्ड भ्रंशाच्या, म्हणजे जमिनीतल्या मोठ्या भेगेच्या, नेमकं वर बसलं आहे. जमीन वर्षानुवर्षं मुंगीच्या पावलाने सरकते आणि भिंतींना तडे देते. २०१२ मध्ये पूर्ण झालेल्या दुरुस्तीत भ्रंशावरचा भाग बाकीच्या इमारतीपासून मोकळा केला. जमीन फाटली तर तो भाग स्वतंत्रपणे हलावा, बाकीचं उभं राहावं. पाडून दुसरीकडे बांधणं सोपं होतं. त्यांनी तसं केलं नाही, याचं मला मनापासून कौतुक आहे.

स्टेडियमखाली अणुभट्टी होती, हे खरं का?

खरं आहे. शिकागो विद्यापीठाने १९३९ मध्ये फुटबॉल बंदच करून टाकला. स्टॅग फील्ड ओस पडलं. त्याच्या पश्चिमेकडच्या गॅलरीखालच्या एका बंदिस्त कोर्टात एन्रिको फर्मी आणि सहकाऱ्यांनी ग्रॅफाइटच्या विटा आणि युरेनियम रचून जगातली पहिली नियंत्रित अणुसाखळी २ डिसेंबर १९४२ ला घडवली. आज त्या जागी विद्यापीठाचं ग्रंथालय आणि हेन्री मूर यांचं ब्राँझचं शिल्प आहे.

छप्पर असलेली स्टेडियम्स कधी आली?

१९६५ मध्ये ह्यूस्टनला ॲस्ट्रोडोम उघडलं. तिथला उकाडा, पाऊस आणि डास यांना कंटाळून बांधलेलं. छताला हजारो पारदर्शक तावदानं होती, म्हणजे आत खरं गवत वाढेल. पण बेसबॉल खेळताना वर बघितलं की डोळे दिपायचे आणि झेल सुटायचे. म्हणून तावदानं रंगवली. ऊन अडलं, गवत मेलं. पुढच्याच वर्षी प्लास्टिकची हिरवळ अंथरली गेली आणि तिचं नाव पडलं ॲस्ट्रोटर्फ. आपल्याकडच्या हॉकी मैदानांमुळे आपण जो शब्द रोज वापरतो, तो या मेलेल्या गवतातून आला.

गवताचा प्रश्न पुढे ॲरिझोनातल्या ग्लेनडेलने वेगळ्या तऱ्हेने सोडवला. २००६ च्या तिथल्या स्टेडियमात अख्खं हिरवं मैदान चाकांच्या प्रचंड तबकात आहे. आठवडाभर बाहेर उन्हात, सामन्याला आत.

छप्पर कोसळलं होतं ते कोणतं?

मिनिआपोलिसचं मेट्रोडोम, १२ डिसेंबर २०१०. हवेच्या दाबावर तरंगणारं कापडी छत होतं, रात्रभराच्या बर्फाने फाटलं. पहाटेची वेळ होती, कुणाला इजा झाली नाही.

ही स्टेडियम्स तीस-चाळीस वर्षांत पाडतात का?

व्यावसायिक संघांची, हो, आणि मला हे पटत नाही. सिॲटलचं किंगडोम १९७६ मध्ये उघडलं आणि २००० मध्ये सुरुंग लावून पाडलं. त्याचं कर्ज मात्र २०१५ पर्यंत फिटत होतं. पंधरा वर्षं लोक नसलेल्या इमारतीचे हप्ते भरत होते. डेट्रॉइटजवळचं पाँटिॲक सिल्व्हरडोम १९७५ मध्ये साडेपाच कोटी डॉलरच्या वर खर्चून बांधलं, संघ सोडून गेला आणि २००९ च्या लिलावात ते ५ लाख ८३ हजार डॉलरला गेलं. २०१७ च्या डिसेंबरात स्फोट घडवला तेव्हा धूर निवळल्यावर ते तसंच उभं होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न करून पाडावं लागलं.

फरक असा की कॉलेज गाव सोडून जाऊ शकत नाही, व्यावसायिक संघाचा मालक जाऊ शकतो. नवं स्टेडियम द्या नाहीतर चाललो, असं तो शहराला सांगतो आणि शहर करदात्यांचा खिसा उघडतं.

याला अपवाद विस्कॉन्सिनमधल्या ग्रीन बेचा. तिथल्या पॅकर्स संघाचा कुणी एक मालक नाही. लाखो सामान्य भागधारक आहेत, ज्यांना कधी लाभांश मिळत नाही. म्हणून लाखभर वस्तीच्या गावात संघ टिकला आणि १९५७ चं लॅम्बो फील्डही वाढत वाढत ८१ हजारांवर गेलं. ३१ डिसेंबर १९६७ ला तिथे उणे २५ अंशांत अंतिम सामना झाला. मैदान गरम ठेवणारी यंत्रणा बंद पडली, पंचांच्या शिट्ट्या गोठल्या, तरी लोक शेवटपर्यंत बसून होते.

एवढी स्टेडियम्स आहेत, तर तिथे क्रिकेट का खेळत नाहीत?

४९ मीटर रुंदी आठवा. खेळपट्टीच्या दोन्ही बाजूंना २५-२५ मीटरवर सीमारेषा आली तर तो सामना कसला? सचिन तेंडुलकर आणि शेन वॉर्न यांनी २०१५ मध्ये न्यूयॉर्क, ह्यूस्टन आणि लॉस एंजेलिसला जे सामने भरवले, ते म्हणूनच बेसबॉलच्या मैदानांवर. सॉकरलासुद्धा ६८ मीटर रुंदी लागते. २०२६ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यासाठी निवडलेल्या न्यू जर्सीच्या मेटलाइफ स्टेडियममध्ये त्यासाठी कोपऱ्यातल्या खुर्च्या काढाव्या लागल्या.

सामना बघायला जायचं तर काय लक्षात ठेवावं?

कॉलेजचे सामने सप्टेंबर ते नोव्हेंबर, शनिवारी. घरच्या मैदानावर वर्षाला जेमतेम सहा-आठ. इतकी मोठी वास्तू वर्षातले एवढेच दिवस भरते, म्हणून त्या दिवसाला सणाची कळा असते. सकाळीच पोचा. ॲन आर्बरला शेजारच्या गोल्फ कोर्सवर गाड्या लागतात आणि गाडीच्या मागच्या दाराशी शेगड्या पेटतात, याला टेलगेटिंग म्हणतात. अनोळखी माणसालाही कणीस, बर्गर पुढे केलं जातं. शाकाहारी असाल तर डबा इथेच उरकून घ्या. बहुतेक ठिकाणी फक्त पारदर्शक पिशवी चालते.

या स्टेडियम्सशी भारताचा काही संबंध आहे का?

आहे, आणि तो लॉस एंजेलिसच्या कोलिझियममध्ये. १९३२ च्या ऑलिंपिकला भारताचा हॉकी संघ वाटेत प्रदर्शनी सामने खेळत, खर्चाचे पैसे गोळा करत तिथे पोचला. ११ ऑगस्टला याच मैदानावर अमेरिकेला २४-१ असं हरवून सुवर्णपदक घेतलं. रूपसिंग यांचे १० गोल, ध्यानचंद यांचे ८. स्पर्धेत तीनच संघ होते हे खरं, पण २४ गोल झाले हेही खरं.

बावन्न वर्षांनी त्याच स्टेडियमात पी. टी. उषा ४०० मीटर अडथळ्यांच्या अंतिम शर्यतीत धावली. ५५.४२ सेकंद. ब्राँझ मिळालेल्या रुमानियाच्या धावपटूचे ५५.४१. ती धावली ती धावपट्टी आज तिथे सापडणार नाही. १९९३ मध्ये फुटबॉलचे प्रेक्षक मैदानाच्या जवळ यावेत म्हणून पट्टी काढली, मैदान खाली नेलं आणि त्या जागी खुर्च्यांच्या नव्या रांगा बसवल्या. २०२८ ला ऑलिंपिक तिसऱ्यांदा इथे येतं आहे. त्यासाठी त्या रांगांवर मंच उभारून पुन्हा तात्पुरती धावपट्टी घालायची योजना आहे.